निघून जायचा कार्यक्रम

चार माणसं, चार वाद्यं आणि समुद्राकडे तोंड करून बसलेला एक बंगला, एवढ्यावर माझी अकरा महिन्यांची नोकरी बेतलेली होती. बंगला अलिबागच्या अलीकडे, मालक मुंबईचे. दर शनिवारी ते बोटीने पाहुणे घेऊन यायचे आणि दुपारच्या जेवणाआधी तासभर आम्ही त्यांच्यासाठी वाजवायचो. बाकीचे सहा दिवस तालीम करायची, जेवायचं आणि लाटा मोजायच्या. ऐकणाऱ्याला हे सुख वाटतं. मलाही पहिले पंधरा दिवस वाटलं.

साहेबांना युरोपातल्या एका अर्धशतकाचं वेड होतं. अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे जे संगीत लिहिलं गेलं त्याच्या अलीकडचं नको, पलीकडचं नको. दोन व्हायोलिनं, त्यांचाच जरा मोठा भाऊ असा एक व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा खर्जातला एक चेलो. या चौकडीसाठी त्या काळात पोत्याने संगीत लिहिलेलं आहे. साहेबांनी ते सगळं मागवलं, वाद्यंसुद्धा स्वतःच घेतली आणि मग ती वाजवायला आम्हाला ठेवलं.

पहिलं व्हायोलिन मास्तरांकडे. सत्तरीचे, उभं आयुष्य चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये काढलेलं, मुंबईतली भाड्याची खोली सोडून आलेले. परत जायला त्यांना जागाच नव्हती. व्हायोलावर उरणचा एक चाळिशीचा गडी. हळदी-लग्नांत वाजवून हात तयार झालेला आणि बंदरावरच्या कंटेनरच्या धुळीतून सुटल्याबद्दल रोज देवाचे आभार मानणारा. चेलोवर वसईच्या एक ताई, मितभाषी. आणि दुसरं व्हायोलिन मी. दुसऱ्या व्हायोलिनचं काम म्हणजे पहिल्याने काही म्हटलं की ‘हो ना’ म्हणणं, आणि चेलोने काही म्हटलं की ‘तेही खरंच’ म्हणणं. लग्नात मुलीच्या मामाला जेवढं विचारतात तेवढंच याला विचारतात. त्याच्याशिवाय मात्र अडतं.

मी श्रीवर्धनचा. आमची थोडी सुपारीची वाडी आहे, ती मोठा भाऊ बघतो. मीही मुंबईत रेकॉर्डिंगलाच वाजवायचो. पुढे दहा व्हायोलिनांचं काम एक कॉम्प्युटर करायला लागला तेव्हा गाशा गुंडाळून घरी आलो. माझं स्वतःचं व्हायोलिन घरच्या दमट हवेने सांध्यांत उकललं, ते भिंतीवर लटकलं ते लटकलंच. बायको शाळेत शिक्षिका. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मास्तरांचा फोन आला, की एक वेडा सापडलाय, येतोस का. मी उडी मारून गेलो.

दिवाणखान्यात एका फळीवर त्याच अर्धशतकातल्या तीन संगीतकारांची संगमरवरी डोकी होती. साहेबांनी ती परदेशातून आणवलेली. साफसफाईला येणाऱ्या मावशी जवळच्याच गावातल्या. त्यांचा समज असा, की हे साहेबांचे आजे-पणजे. सर्वपित्रीच्या दिवशी मी तालमीला गेलो तर तिन्ही डोक्यांपुढे झेंडू आणि भाताचा मुटका ठेवलेला.

“मावशी, हे काय?”

“आवो, सायबाला कुठं ठाव हाय आपलं काय ते? मुंबैची मानसं. पन ह्यांना उपाशी ठिवून चालंल व्हय?” आणि मग एकेकावरून फडकं फिरवत त्यांनी नाती लावून दिली. “ह्यो थोरला, ह्यो मधला, आन ह्यो केस पिंजारल्याला धाकटा. धाकट्याचं कायतरी बिनसल्यालं दिसतंय.”

मी त्यांचा समज दूर केला नाही. वयाने नाती अगदी बरोबर होती. थोरल्यानेच या चौकडीच्या संगीताला घडी बसवून दिली, मधला त्याला बापाच्या ठिकाणी मानायचा, आणि धाकटा त्याच्याकडे शिकायला गेला होता आणि त्याच्याशी त्याचं फारसं पटलंही नव्हतं. तेव्हापासून आम्ही चौघंही त्यांना थोरला, मधला, धाकटाच म्हणायला लागलो.

यांच्यातला माझा म्हणावा असा थोरला. जगाला त्याचं संगीत माहीत आहे, मला त्याची नोकरी माहीत होती. एका बड्या सरदाराच्या पदरी तो कितीतरी वर्षं होता. धन्याने दिलेला गणवेश घालायचा, रोज बाहेरच्या दालनात उभं राहून आज काय वाजवायचं ते विचारायचं, लिहिलेलं संगीत धन्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असा त्याचा करार. मधल्याला असलीच नोकरी होती, त्याला ती झेपली नाही. भांडून बाहेर पडला आणि मोकळा झाला, पण पस्तिशीतच गेला. धाकटा कुणापुढे वाकला नाही, त्याचे कान गेले. मी रात्रंदिवस या तिघांची तुलना करायचो आणि शेवटी गणवेश घालून तालमीला जायचो. आमचाही गणवेश होता, पांढरा कोट, सोनेरी गुंड्या. उरणवाला म्हणायचा, “भाई, हातात ट्रे दिला ना, तर लोक आपल्याकडे सूप मागतील.”

आमचा करारही थोरल्याच्या करारावरूनच बेतला असावा. वाद्यं बंगल्याबाहेर न्यायची नाहीत. शनिवारी चौघं हजर पाहिजेत; एक जरी नसला तरी त्या आठवड्याचा पगार चौघांचाही नाही. साहेब वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, जेवलात का म्हणून विचारायचे, शिक्षक लावून मराठी शिकले होते आणि आमच्याशी हट्टाने मराठीतच बोलायचे. रजा मागितली की म्हणायचे, “बघू या.” मी या दोन शब्दांचा इतका धसका घेतला होता, की घरी बायको “बघू या” म्हणाली तरी मी मागितलेलं परत घ्यायचो.

ठरलं होतं पंधरा दिवसांनी घरी जायचं. पाहुणे वाढले, मग ते महिन्यावर गेलं. दिवाळीत दोन दिवस गेलो, त्यानंतर नाहीच. बंगल्यात मोबाइलला रेंज नव्हती. किनाऱ्याच्या टोकाला एका खडकावर उभं राहिलं तर मिळायची, तीही ओहोटीला. मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मुलीला फोन करायचो. सुरुवातीला ती बडबड करायची. मग आईने सांगितलं म्हणून बोलायची. पुढे पुढे नुसती मान हलवायची, आणि फोनवर मान हललेली दिसत नाही. ती आपल्या हातून निसटते आहे हे मला त्या खडकावर उभं राहून स्पष्ट कळत होतं, आणि मी तिथे नुसताच उभा होतो.

पौषात तिच्या बालवाडीचं संमेलन होतं. ती खेकडा होणार होती. किती महिन्यांनी ती फोनवर आपणहून बोलली, “बाबा, मी आडवी चालते. तुम्ही या.” मी म्हटलं, नक्की येतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तो वार शनिवार आहे.

साहेबांना सरळ विचारलं असतं तर “बघू या” ठरलेलं. तेव्हा मला थोरल्याची युक्ती आठवली. त्याचा धनी एका वर्षी उन्हाळी महालात मुक्काम हलवीचना. वादकांची बायकापोरं दूर गावी, सगळे घरच्या ओढीने कासावीस. तोंडाने कोण सांगणार? थोरल्याने एक रचना लिहिली. तिच्या शेवटी एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं हळू वाजत राहतात आणि तीही थांबतात. धन्याला काय समजायचं ते समजलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी जायची मुभा मिळाली.

मी चौघांसाठी तसाच शेवट बसवला. ताईंना आणि उरणवाल्याला घरची आठवण होतीच, ते तयार झाले. मास्तर कुरकुरले. “हे असलं आपल्याकडे चालत नाही रे. इशारा दिलास तर तो समजून घेणारा पण राजाच पाहिजे.” पण बसले तालमीला.

संमेलनाच्या तीन आठवडे आधीचा शनिवार. पडदे लावले, मेणबत्त्या लावल्या. शेवट सुरू झाला. ताईंचं वाजवणं संपलं. त्यांनी मेणबत्ती विझवली, चेलो आडवा ठेवला आणि जाता जाता पहिल्या रांगेतल्या साहेबांकडे बघून सवयीने पुटपुटल्या, “येते हं.”

मी कपाळाला हात लावणार होतो, पण हातात गज होता. पाठोपाठ उरणवाला उठला. “येतो साहेब.” मग आम्ही दोघं संपत आलो, आणि काय सांगू, माझ्याही तोंडून तेच निघालं. लहानपणापासून उंबऱ्यात उभं राहून तेच म्हणत आलोय. जातो म्हणायचं नसतं, जातो म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. चौघांनी चार वेळा जायचं सोंग केलं आणि त्यातल्या तिघांनी साहेबांना परत यायचं वचन देऊन टाकलं. मास्तर तेवढे गप्प होते.

साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पाहुण्यांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. दाराआड उभ्या आम्हा चौघांना साहेबांनी हाक मारली, “येतो म्हणालात ना? मग या, या!” केवढा हशा झाला. आम्ही गेलो आत, जाणार कुठे? साहेबांनी पाहुण्यांना थोरल्याची सगळी गोष्ट सांगितली. त्यांना ती आधीपासून माहीत होती, माझ्यापेक्षा जास्त. “आणि आमच्या लोकांनी त्यात मराठीपण घातलं,” ते म्हणाले. “जाताना येतो म्हणतात. किती गोड भाषा आहे. हे आता दर शनिवारी करायचं.”

मी त्यांना बाजूला गाठलं. म्हटलं, साहेब, गंमत नव्हती ती. मला खरंच त्या शनिवारी घरी जायचंय, मुलीचं संमेलन आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “त्या बिचाऱ्यांना त्यांच्या धन्याने महालात अडकवून ठेवलं होतं. तुम्हाला मी थोडंच कोंडलंय?” आणि मग, “त्या शनिवारी खास पाहुणे आहेत हो. त्यांना मी याच कार्यक्रमाबद्दल सांगितलंय. बघू या.”

पुढच्या आठवड्यात बोटीतून चार पितळी मेणबत्तीदाण्या आल्या.

इतका अपमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी ज्याला निषेध समजत होतो त्याला साहेबांनी हार घालून मांडवात बसवलं होतं. दोन शनिवार आम्ही वेळेवर उठलो, मेणबत्त्या विझवल्या, न चुकता येतो म्हणालो (तशी सूचनाच होती) आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन चहा प्यायलो. फाटकावरचा रखवालदारसुद्धा आम्हाला पाहून हसायला लागला होता. मी सरळ चालू का पडत नव्हतो, असं कुणी विचारील. मी गेलो तर तिघांचा पगार कापला जाणार होता. शिवाय, खरं सांगायचं तर, घरी जाऊन करू काय, ही भीतीही होतीच. कुणी कोंडलेलं नव्हतं, साहेबांचं ते म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

संमेलनाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, खडकावरून फोन केला. मुलीने विचारलं, “तुम्ही येणार ना?” मी म्हटलं, “बघू या.”

हे मीच म्हणालो. दुसरं कुणी नाही.

त्या दिवशी तालमीनंतर मी मास्तरांना म्हटलं, “शनिवारी मला तिसरा उठू द्या.” मूळ रचनेत दोन्ही व्हायोलिनं शेवटपर्यंत राहतात. आणि शेवटी उरलेल्या दोघांना साहेब चहानंतर पुन्हा पुढे बोलवायचे, मग पाहुण्यांशी ओळख, फोटो, त्यांच्याबरोबर जेवण. त्यातून सुटेपर्यंत मुरूडकडची शेवटची सोयीची गाडी गेलेली असणार. मधेच उठून जाणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही, कारण तो कार्यक्रमाचाच भाग.

मास्तरांनी गज सैल केला, राळेची डबी मिटली.

“शेवटी मी एकटा?”

“हो.”

“तुझं वाजवणं पण मीच घ्यायचं?”

“जेवढं घेता येईल तेवढं.”

“आणि तुझ्यामुळे मला इथून काढलं तर?”

मी खाली बघितलं. ते म्हणाले, “माझा मुलगा शाळेत एकदा वकील झाला होता. काळा कोट घालून. मला त्याच्या आईने सांगितलं.” मग उठून आपल्या खोलीत गेले.

शनिवारी ताई उठल्या. उरणवाला उठला, त्याने सकाळीच फाटकाबाहेर बाईक लावून ठेवली होती. मी ओळ संपवली, मास्तरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि माझी पुढची ओळ त्यांनी माझ्या आधीच उचलली. मी मेणबत्ती विझवली. साहेबांचं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. साहेबांची मान किंचित वर झाली, त्यांना क्रम चुकलेला कळला असणार, पण पाहुण्यांसमोर बोलता येईना. मी ‘येतो’ न म्हणता त्यांच्यासमोरून चालत गेलो. मागून टाळ्या पडल्या. रखवालदार हसला आणि त्याने फाटक उघडून धरलं.

उरणवाल्याने मला आगरदांड्यापर्यंत सोडलं. वाटेत एकदाच बोलला, “पगाराचं टेन्शन घेऊ नको, भाई. मी हळद वाजवीन.” मला रडू आलं, ते वाऱ्यावर गेलं. गाड्या नेणाऱ्या जंगलजेट्टीतून खाडी ओलांडली, दिघीहून एका टेम्पोवाल्याने घेतलं. तो मला सगळा रस्ता ‘वेटर’ म्हणत होता. अंगात अजून तो पांढरा कोट होता.

शाळेच्या पटांगणात पोचलो तेव्हा स्टेजवर खेकडेच चालले होते. सहा खेकडे, सगळ्यांना लाल पुठ्ठ्याचे नांगे, सगळ्यांच्या तोंडावर लाल मुखवटे. मी मागच्या खुर्चीवर चढून उभा राहिलो. कडेचा एक खेकडा फार ऐटीत आडवा चालत होता, मी त्याच्यासाठी जोरजोराने टाळ्या वाजवल्या, हात हलवले, नाव घेऊन ओरडलो. नाच संपून मुखवटे निघाले. तो कुणाचातरी मुलगा होता. माझी मुलगी मधल्या रांगेत होती आणि मी ज्या बाजूला हात हलवत होतो तिकडे बघत होती.

घरी येईपर्यंत मी बायकोला सगळं सांगितलं, की मी सोडून आलोय, आता जाणार नाही. पुढे काय हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खरं तर तिकडे काय झालं ते नंतर कळलं. साहेबांनी कुणालाच काढलं नाही. मधल्याने तिघांसाठीही सुंदर लिहून ठेवलंय, आता तिघं तेच वाजवतात. दुसऱ्या व्हायोलिनवाचून अडतं असं मीच समजत होतो.

जेवायची वेळ झाली. ताटं मांडायचं काम आता मुलीकडे होतं, हेही मला माहीत नव्हतं. ती रोज दोन मांडायची. आज तिने फळीवरून तिसरं काढलं, ते पुसलं, माझ्यापुढे ठेवलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “बाबा आता इथेच राहणार. नोकरी सोडली.”

तिने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून हळूच सुटून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि बारीक आवाजात विचारलं, “आई, बाबांचं ताट उद्यापण मांडायचं?”

मीच इथून म्हटलं, “हो, मांडायचं.”

ती आईच्या उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.